अंधार पडल्यानंतरचे व्हेनिस: मुक्कामापासून शेवटच्या बोटीपर्यंत

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरच्या कार्यक्रमात व्हेनिसच्या वाट्याला दिवसाचे चार-पाच तास येतात. सकाळी बोटीने सान मार्कोच्या धक्क्यावर उतरायचे, चौक पाहायचा, बॅसिलिकेचे बाहेरून फोटो काढायचे, काच फुंकण्याचे प्रात्यक्षिक आणि गोंडोलाची फेरी उरकायची, आणि दिवेलागणीच्या आत मुख्य भूमीवरच्या हॉटेलात परतून भारतीय जेवणाला बसायचे. याच वेळेत इतर सगळ्या देशांच्या टूर आणि आसपासच्या शहरांतून एका दिवसासाठी आलेले प्रवासीही तिथेच असतात, त्यामुळे रिआल्तोच्या पुलावर पाऊल ठेवायला जागा मिळत नाही आणि ‘इथे एवढे रोमँटिक काय आहे’ असा प्रामाणिक प्रश्न घेऊन अनेक जोडपी परत येतात. त्याचे उत्तर संध्याकाळी सहानंतर मिळते. जुन्या शहराची कायम वस्ती २०२२ साली पन्नास हजारांच्या खाली गेली. दिवसाची गर्दी ओसरली की उरतात ती ही माणसे आणि रात्रीपुरते राहिलेले पाहुणे.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पहाटेपर्यंत चालणारे क्लब आणि मोठ्या आवाजातले संगीत ज्यांना हवे आहे, त्यांनी दुसरे शहर निवडावे. व्हेनिसमध्ये चांगल्या खानावळींचे स्वयंपाकघर रात्री दहाच्या सुमारास बंद होते आणि बाराला बहुतेक गल्ल्यांत शुकशुकाट असतो. इथली रात्र लवकर सुरू होते, ठरावीक क्रमाने पुढे सरकते आणि तो क्रम चुकला तर उपाशी राहण्याचीही वेळ येऊ शकते. म्हणून या लेखात ती घड्याळाच्या क्रमाने मांडली आहे.

मुक्काम बेटावरच हवा

पहिला निर्णय हॉटेल बुक करतानाच घ्यावा लागतो. मुख्य भूमीवरचे मेस्त्रे स्वस्त आहे आणि तिथून सांता लुचिया स्थानकापर्यंत रेल्वेने दहा-बारा मिनिटेच लागतात, त्यामुळे पैसे वाचवण्याचा मोह होतो. पण मेस्त्रेत राहणाऱ्याचे लक्ष जेवणाच्या मध्यातच परतीच्या गाडीकडे लागते, आणि शहर खऱ्या अर्थाने मोकळे होते तेव्हा तो स्थानकाच्या वाटेवर असतो. दोन रात्रींचे बजेट असेल तर मेस्त्रेत दोन रात्री काढण्यापेक्षा बेटावर एकच रात्र काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहराचे सहा भाग आहेत: सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे, कान्नारेज्जो, दोर्सोदुरो आणि कास्तेल्लो. सान मार्को सर्वांत महाग आणि रात्री सर्वांत निर्मनुष्य. स्थानकाकडून सामान ओढत जायचे असेल तर कान्नारेज्जो सोयीचे, कारण पूल कमी लागतात आणि संध्याकाळची खरी वर्दळही तिथेच असते. दोर्सोदुरो हा विद्यापीठाचा आणि चित्रसंग्रहालयांचा भाग आहे. सूर्यास्त तिथून जवळ पडतो. हॉटेल निवडताना ‘वापोरेत्तोच्या, म्हणजे सार्वजनिक बोटीच्या, थांब्यापासून किती पूल’ हा प्रश्न जरूर विचारावा. इथे चारचाकी नाही, सायकलसुद्धा नाही, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत.

वर्षातील निवडक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, जुन्या शहरात एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. ही पद्धत २०२४ साली सुरू झाली. बेटावर मुक्काम करणाऱ्यांना हे शुल्क नाही, कारण त्यांच्याकडून हॉटेलच निवासकर घेते. मात्र अशा दिवशी महापालिकेच्या संकेतस्थळावर सवलतीची नोंद करून त्याचा कोड फोनमध्ये ठेवावा लागतो. चारनंतर येणाऱ्याला काहीच भरावे लागत नाही.

दुपार विश्रांतीसाठी राखावी

चर्च आणि लहान संग्रहालये संध्याकाळी पाच-सहापर्यंत बंद होतात, त्यामुळे आतून पाहायचे ते सकाळीच पाहून घ्यावे. याला एक चांगला अपवाद आहे: पलाझ्झो डुकाले, म्हणजे डोजचा (जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा) राजवाडा, उन्हाळ्याच्या महिन्यांत शुक्रवारी आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडा ठेवला जातो. त्या दिवसांत व्हेनिसमध्ये असाल तर दुपारचे तिकीट काढूच नये. दुपारी ज्या दालनांत पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज काही दिसत नाही, तीच दालने रात्री नऊला स्वस्थपणे पाहता येतात.

दुपारी खोलीवर दोन तास झोप काढावी. संध्याकाळचे चालणे पाच-सहा किलोमीटर सहज होते आणि त्यात पुलांच्या पायऱ्याही पुष्कळ असतात. बाहेर पडताना सपाट, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट, उन्हाळ्यात डासांचे मलम (खाडीकाठचे डास संध्याकाळी फार त्रास देतात) आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कानटोपीसह जाड कोट एवढे असावे. सार्वजनिक स्वच्छतागृहे रात्री बंद असतात, तेव्हा प्रत्येक खानावळीतून निघताना ते काम आटोपून घेणे शहाणपणाचे.

सूर्यास्त कुठून पाहावा

जूनच्या अखेरीस व्हेनिसमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात साडेचारलाच. पुढचा सगळा कार्यक्रम या एका वेळेवर अवलंबून असल्याने ती आधी बघून ठेवावी.

माझी निवड दोर्सोदुरोच्या दक्षिण काठावरचा झात्तेरे हा लांबलचक फरसबंद रस्ता. समोर रुंद पाणी, पलीकडे जुदेक्काचे बेट, त्यावर वास्तुकार पाल्लादिओने आराखडा केलेले रेदेन्तोरे चर्च, आणि पश्चिमेच्या टोकाला आता हॉटेल झालेली स्तुकीची भली मोठी जुनी पिठाची गिरणी. या रस्त्यावर निको नावाचे आइस्क्रीमचे जुने दुकान आहे. तिथला ज्यान्दुयोत्तो, म्हणजे फेटलेल्या क्रीममध्ये बुडवलेला हेझलनट-चॉकलेटचा गोळा, हातात घेऊन पूर्वेकडे चालत सुटावे. अर्ध्या तासात पुंता देल्ला दोगाना या टोकावर पोहोचता येते. इथे जुन्या जकातघराची इमारत पाण्यात निमुळती होत गेली आहे आणि समोर सान मार्कोचा काठ मावळतीच्या प्रकाशात उजळलेला असतो.

तिथून मागे वळून, सांता मारिआ देल्ला सालूते या चर्चच्या पायऱ्यांवरून आक्कादेमियाच्या लाकडी पुलाकडे यावे. १६३०-३१ च्या प्लेगमधून शहर वाचले म्हणून नवस फेडण्यासाठी हे चर्च बांधले गेले आणि वास्तुकार बाल्दास्सारे लोंगेनाचे ते काम पूर्ण व्हायला १६८७ साल उजाडले. पुलावरून पूर्वेकडे दिसणारा त्याचा घुमट ज्याने त्याने पाहिलेला असतो, पण बहुतेकांनी दुपारच्या पांढऱ्या उन्हात. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे, आकाश गडद निळे आणि दिवे नुकते लागलेले असताना, पुलाच्या मधोमध उभे राहावे. फोटोसाठी तिपाई मात्र लावू नये. पूल लाकडी असल्याने माणसांच्या चालण्याने तो हलतो आणि चित्र धूसर येते. कठड्यावर फोन टेकवणे बरे.

बाकारोमध्ये पहिला तास

व्हेनिसकरांची संध्याकाळ बाकारोमध्ये सुरू होते. बाकारो म्हणजे उभ्याने पिण्या-खाण्याचे छोटे दुकान: आत जेमतेम दहा माणसे मावतील एवढी जागा, काउंटरवर काचेचे कपाट आणि त्यात ताटल्यांत मांडलेले चिकेत्ती, म्हणजे दोन घासांचे पदार्थ. पद्धत सोपी आहे. काचेवर बोट ठेवून हवे ते सांगायचे, वाइनचा लहान प्याला म्हणजे ‘ओंब्रा’ मागायचा, पैसे द्यायचे आणि ताटली घेऊन बाहेर कालव्याच्या काठावर उभे राहायचे. एक चिकेत्तो साधारण दीड ते तीन युरोला मिळतो. एकाच ठिकाणी पोट भरू नये. दोन पदार्थ, एक प्याला आणि पुढचे दुकान, असा हा क्रम आहे.

पदार्थांविषयी जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण कपाटासमोर गोंधळायला होते. पावाच्या किंवा मक्याच्या पोलेंताच्या तुकड्यावर पांढऱ्या लोण्यासारखे काही दिसले तर तो बाक्काला मान्तेकातो: सुकवलेला कॉड मासा शिजवून, तेल घालत घालत फेटून केलेला. हा सुका मासा मूळचा नॉर्वेचा. पिएत्रो क्वेरीनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे जहाज वादळात सापडून त्याचे काही सोबती आणि तो १४३२ साली लोफोतेन बेटांवर लागले, आणि तिथून परतताना त्याने या माशाची ओळख शहराला करून दिली, असे मानले जाते. आपल्या किनाऱ्यावर ज्यांचे सुक्या बोंबलावर प्रेम आहे, त्यांना त्याचा वास परका वाटणार नाही. चव मात्र फारच सौम्य असते. दुसरा पदार्थ सार्दे इन साओर: तळलेले तारली मासे, त्यावर व्हिनेगरमध्ये मऊ केलेल्या कांद्याचा थर, बेदाणे आणि चिलगोजे. खलाशांसाठी मासा टिकावा म्हणून निघालेली ही युक्ती एक-दोन दिवस मुरल्यावर जास्त चांगली लागते.

शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये, पण सावध राहावे. आर्टिचोकचे उकडलेले तळवे, भाजलेला भोपळा, गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोड लावलेला पाव, अंडे चालत असेल तर अंड्याचे त्रिकोणी सँडविच म्हणजे त्रामेझ्झीनो, हे सहसा मिळते. फसगत होते ती वेगळीकडे: कांद्याच्या साध्या सॉससारखा दिसणारा ‘बिगोली इन साल्सा’ मुळात अँचोवी माशाचा असतो, मटाराच्या ‘रीझी ए बीझी’ या भातात बहुधा डुकराचे मांस पडते, आणि उकडलेल्या अर्ध्या अंड्यावरही मासा ठेवलेला असतो. ‘सोनो वेजेतारियानो’ (स्त्रियांनी ‘वेजेतारियाना’) एवढ्यावर न थांबता ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको आणि मासाही नको, असे जोडून सांगावे.

पेयांत स्प्रिट्झ हे इथले नेहमीचे: प्रोसेक्को ही फसफसणारी वाइन, सोडा आणि कडसर लाल लिकर, वर एक ऑलिव्ह. आपेरोल गोडसर, काम्पारी चांगलेच कडू, आणि सेलेक्ट हे व्हेनिसमध्येच १९२० साली जन्मलेले, या दोहोंच्या मधले. मद्य नको असेल तर ‘आनाल्कोलिको’ मागावे. क्रोदिनो किंवा सानबित्तेरची छोटी बाटली, बर्फ आणि संत्र्याची फोड असे देतात, आणि ते घेणारे इटालियनही पुष्कळ असतात.

आता ठिकाणे. दोर्सोदुरोत असाल तर सान त्रोवासो कालव्यावरची ‘कान्तीने देल व्हीनो जा स्कियावी’ ही वाइनची जुनी दुकान-खानावळ सर्वांत आधी गाठावी, कारण ती रात्री साडेआठच्या सुमारास बंद होते. तिच्या जवळच पाण्याच्या पलीकडे गोंडोला दुरुस्त करण्याचा जुना लाकडी कारखाना आहे. रिआल्तोच्या बाजारामागे ‘कान्तीना दो मोरी’ आहे, जी आपले मूळ १४६२ सालापर्यंत नेते. दिवसभर मासळी-भाजीची धांदल असलेला हा बाजाराचा भाग संध्याकाळी तरुण मंडळींनी भरतो. विद्यार्थ्यांचा गलका हवा असेल तर कांपो सांता मार्गेरीता हा चौक गाठावा. पण दोघांनी निवांत बसायला मला कान्नारेज्जोमधील फोंदामेन्ता देल्ला मिझेरीकोर्दिया आणि तिला लागून असलेली ओर्मेझीनी हे सरळ कालव्याकाठचे रस्ते सर्वांत आवडतात. पाण्याच्या कडेने टेबले मांडलेली असतात, बांधलेल्या खासगी होड्या हलत असतात, आणि कानावर येणारी प्रत्येक भाषा पर्यटकांची नसते.

याच रस्त्यावरून एक लोखंडी पूल ओलांडला की जुन्या घेट्टोचा चौक लागतो. १५१६ पासून प्रजासत्ताक कोसळेपर्यंत, म्हणजे १७९७ पर्यंत, शहरातील ज्यू रहिवाशांना रात्री याच बेटावर कोंडले जाई. दरवाजे लावले जात आणि पहारेकऱ्यांचा खर्च त्यांच्याकडूनच वसूल होई. जागा अपुरी म्हणून घरे वर चढत गेली आणि आजही ती आसपासच्या घरांपेक्षा उंच दिसतात. इथून रात्री जाताना आवाज खाली ठेवावा. आजही इथे कुटुंबे राहतात.

जेवण आठच्या आत, आणि मोजून

चिकेत्तींवर पोट भरले नसेल तर जेवायला साडेसात-आठलाच बसावे आणि टेबल एक दिवस आधी राखून ठेवावे. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम येते. ती फसवणूक नसून इटलीतली रीतसर पद्धत आहे. फसवणूक ओळखायच्या खुणा वेगळ्या: दारात उभा राहून बोलावणारा माणूस, पदार्थांच्या फोटोंचे पाच भाषांतले कार्ड, आणि माशाची किंमत शंभर ग्रॅमच्या हिशेबाने लिहिलेली असताना वजन न सांगता ऑर्डर घेणे. शेवटच्या प्रकारात वजन आणि एकूण किंमत आधीच विचारावी. पाण्याकाठचे टेबल हवेच असेल तर ते ग्रँड कॅनालच्या काठी नव्हे, आतल्या एखाद्या छोट्या कालव्यावर निवडावे. किंमत निम्म्यावर येते आणि मोटरबोटींचा धूरही नसतो.

संगीताची संध्याकाळ असेल तर

‘ला फेनीचे’ हे ऑपेरागृह १७९२ साली उघडले, १८३६ मध्ये जळाले, पुन्हा उभे राहिले, जानेवारी १९९६ मध्ये पुन्हा खाक झाले आणि २००३ अखेरीस परत उघडले. संगीतकार व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हिआता’ या ऑपेराचा पहिला प्रयोग इथेच ६ मार्च १८५३ रोजी झाला आणि साफ पडला. प्रयोग बहुधा सातला सुरू होतात, म्हणजे बाकारो आधी आणि जेवण जवळजवळ नाहीच, हे गृहीत धरावे. वरच्या सज्ज्यातली काही स्वस्त तिकिटे रंगमंच नीट न दिसणारी असतात. तिकीट काढताना ती सूचना वाचावी.

तीन तासांचा ऑपेरा झेपणार नसेल तर चर्चमधली व्हिव्हाल्दीच्या संगीताची मैफल हा मधला मार्ग आहे. आक्कादेमिया पुलाजवळच्या सान व्हिदाल चर्चमध्ये ‘इन्तेरप्रेती व्हेनेत्सियानी’ हा वाद्यवृंद नियमित वाजवतो. पावडर लावलेले टोप आणि रेशमी पोशाख घातलेले विक्रेते रस्त्यात तिकिटे खपवतात, त्यांच्या मैफलीत पोशाखाला जास्त महत्त्व असते. अंतोनिओ व्हिव्हाल्दी १६७८ मध्ये याच शहरात जन्मला आणि पिएता या अनाथाश्रमातल्या मुलींना त्याने अनेक वर्षे शिकवले. मात्र ‘व्हिव्हाल्दीचे चर्च’ म्हणून दाखवली जाणारी काठावरची इमारत १७४१ साली तो वारल्यानंतर बांधली गेली आहे.

सान मार्को: दहानंतर

चौकात दिवसा आला असाल तरी रात्री पुन्हा यावे, आणि दहाच्या आधी येऊ नये. चौकाच्या कमानींखाली तीन जुने कॅफे आहेत: १७२० पासूनचा फ्लोरिआन, समोरचा क्वाद्री आणि त्याच्या शेजारचा लाव्हेना. उबदार महिन्यांत प्रत्येकाच्या बाहेर छोटासा वाद्यवृंद असतो आणि ते आळीपाळीने वाजवतात. एकाकडे टाळ्या झाल्या की दुसऱ्याकडे पियानो सुरू होतो आणि उभे असलेले श्रोते फरसबंदी ओलांडून तिकडे सरकतात. टेबलावर बसल्यास पेयाच्या आधीच चढ्या किमतीवर संगीताचा माणशी वेगळा आकार लागतो, त्यामुळे दोन कॉफींचे बिल पाहून अनेकांचा चेहरा उतरतो. माझ्या मते आयुष्यात एकदा, एकाच पेयासाठी, तो खर्च करायला हरकत नाही, पण संगीत सुरू असताना; अन्यथा उभे राहून ऐकणे पूर्ण मोफत आहे, आणि मोकळ्या चौकात दोन-चार जोडपी नाचूही लागतात. जमिनीवर किंवा पायऱ्यांवर बसून खाणे-पिणे मात्र टाळावे, त्याला दंड आहे.

पाण्याकडे जाताना दोन उंच खांबांपाशी उजवीकडे वळले की ग्रंथालयाला लागून जाड दगडी बांधणीची एक इमारत आहे: झेक्का, प्रजासत्ताकाची टांकसाळ. गुडघे टेकलेला डोज आणि त्याला ध्वज देणारा संत मार्क यांची चित्रे असलेली व्हेनिसची सोन्याची नाणी व्यापारातून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत, आणि आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतील पुतळ्या याच नाण्यांच्या धर्तीवर घडल्या. आजीच्या दागिन्यांतली माळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी इथे मिनिटभर थांबावे.

खांबांपासून डावीकडे वळले की पोन्ते देल्ला पाल्या या पुलावरून ‘उसाशांचा पूल’ दिसतो. दिवसा इथे फोटोसाठी रांग लागते; रात्री अकराला हा पूल बहुधा तुमचाच असतो. प्रेमिकांच्या दंतकथा या पुलाला नंतर चिकटल्या, मुळात तो राजवाड्यातील न्यायदालनांतून तुरुंगाकडे कैदी नेण्याचा बंदिस्त मार्ग होता. मध्यरात्री कांपानिले म्हणजे चौकातल्या घंटामनोऱ्यावरची मारान्गोना ही सर्वांत मोठी घंटा वाजते. १४ जुलै १९०२ रोजी तो मनोरा कोसळला तेव्हा सगळ्या घंटांमध्ये हीच एक शाबूत राहिली होती. आजचा मनोरा १९१२ सालचा आहे.

शरद आणि हिवाळ्यात भरतीचा अंदाज पाहून ठेवावा. खाडीच्या तीन तोंडांवरचे, भरतीचे पाणी अडवणारे ‘मोझे’ दरवाजे ऑक्टोबर २०२० पासून काम करू लागले आहेत, पण ते साधारण ११० सेंटीमीटरच्या भरतीच्या अंदाजाला उचलले जातात. हा चौक शहरातील सर्वांत सखल भागांपैकी असल्याने त्याहून कमी भरतीलाही गटारांच्या झाकणांतून पाणी वर येते आणि घोट्यापर्यंत साचते. रबरी बूट असतील तर ही अडचण न मानता संधी मानावी: दिव्यांच्या सगळ्या रांगा पाण्यात उलट्या दिसतात.

गोंडोला: घ्यावी की नाही, आणि केव्हा

दर महापालिकेने ठरवलेले आहेत आणि ते माणशी नसून होडीमागे आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. नोव्हेंबर २०२३ पासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो असा दर आहे. एका होडीत पाच जण बसू शकतात. गाणारा हवा असल्यास त्याचे वेगळे ठरते. सात वाजता दर बदलतो, पण नोव्हेंबर ते जानेवारीत अंधार पाचलाच पडतो. त्या महिन्यांत सहा वाजता बसलेल्या जोडप्याला रात्रीची फेरी दिवसाच्या दरात मिळते. उन्हाळ्यात उलट आहे: सातला अजून लख्ख ऊन असते आणि दर रात्रीचा, तेव्हा साडेआठच्या पुढेच बसावे. दहानंतर धक्क्यांवर होड्या कमी उरतात.

कुठून बसायचे, हा दरापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न आहे. सान मार्कोसमोरच्या उघड्या पाण्यात मोटरबोटींच्या लाटांनी होडी हेलकावे खाते आणि शेजारी दहा होड्या असतात. सान तोमासारख्या आतल्या धक्क्यावरून निघालेली होडी लगेच अरुंद कालव्यांत शिरते. बसण्यापूर्वी वेळ, रक्कम आणि मार्ग हे तिन्ही बोलून घ्यावे. बसल्यावर एक गोष्ट बघावी: होडी सरळ नसते. डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटीमीटरने रुंद असते, कारण मागे डावीकडे उभा असलेला गोंडोलिअर उजव्या बाजूच्या एकाच वल्ह्याने ती हाकतो आणि हा वाकडेपणा नसता तर ती गोल गोल फिरत राहिली असती.

एकशे दहा नव्हे, साडेनऊ युरोंची सफर

शंभर युरो गोंडोलावर घालवण्याची तयारी नसेल तर मनाला लावून घेऊ नये, कारण या शहरातली रात्रीची उत्तम सफर सार्वजनिक बोटीने होते. पिआत्साले रोमा या बस थांबणाऱ्या चौकातून किंवा रेल्वे स्थानकापासून रात्री दहाच्या सुमारास वापोरेत्तोची एक क्रमांकाची बोट पकडावी. ७५ मिनिटे चालणारे तिकीट साडेनऊ युरोंचे, २४ तासांचा पास २५ युरोंचा. तिकीट असो वा पास, यंत्रासमोर धरून नोंदवणे सक्तीचे आहे, नाहीतर दंड होतो. सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो. जुन्या धाटणीच्या काही बोटींत अगदी पुढे, उघड्यावर बसायच्या जागा असतात. अशी बोट आली तर जागा पटकवावी, नाहीतर मधल्या उघड्या भागात कठड्याला धरून उभे राहावे.

दिवसा राजवाड्यांचे दर्शनी भाग दिसतात, रात्री त्यांचे आतले छत दिसते. पहिल्या मजल्यावर दिवा असेल तर खालून जाणाऱ्या बोटीतून रंगवलेल्या तुळया, मुरानोच्या काचेचे झुंबर, कधी आख्खे भित्तिचित्र नजरेस पडते, आणि शेजारच्या राजवाड्यात सगळा अंधार असतो. डाव्या हाताला व्हेंद्रामिन कालेर्जी हा आज कसिनो असलेला राजवाडा लागतो, जिथे १८८३ च्या फेब्रुवारीत जर्मन संगीतकार रिशार्ड वाग्नर वारला. मग ‘का दोरो’ हा राजवाडा. मग वळणावर अचानक, १५९१ साली पुरा झालेला रिआल्तोचा पांढरा पूल. प्रत्येक थांब्यावर बोट तरंगत्या फलाटाला घासते, खलाशी दोराचा फास खुंट्याला टाकतो, दोर करकरतो, लोखंडी दार सरकते आणि तो थांब्याचे नाव पुकारतो. साधारण साडेअकरानंतर नेहमीच्या फेऱ्या संपत येतात आणि ‘एन’ अक्षराची रात्रबोट पहाटेपर्यंत अंतराअंतराने चालते. शेवटची वेळ थांब्यावरच्या फलकावर पाहून ठेवावी.

परतताना चालणे

बोटीने कितीही सोय असली तरी एखादी रात्र पायी परतावे. गल्ल्यांत फोनचा नकाशा भरकटतो, तेव्हा भिंतींवरच्या पिवळ्या पाट्यांवर भिस्त ठेवावी: ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’, ‘फेर्रोव्हिया’ म्हणजे स्थानक. घरांचे क्रमांक रस्त्याने नव्हे तर अख्ख्या भागाने मोजलेले असतात, त्यामुळे पत्त्यापेक्षा जवळच्या कांपोचे म्हणजे चौकाचे आणि पुलाचे नाव लक्षात ठेवणे उपयोगी. रस्त्यांवर सार्वजनिक दिवे येण्याआधी इथे ‘कोदेगा’ म्हणजे भाड्याचे कंदीलवाले रात्री लोकांना घरी पोहोचवत. आजच्या जांभळट काचेच्या दिव्यांखाली त्यांची गरज नाही, पण प्रकाश अजूनही मंदच आहे.

गुन्हेगारीच्या दृष्टीने हे शहर रात्री सुरक्षित मानले जाते आणि दोघी मैत्रिणींनीही बिनधास्त फिरावे असे आहे. खिसेकापूंचा उपद्रव दिवसाच्या गर्दीत असतो. खरा धोका पाण्याचा. कित्येक गल्ल्या कसलाही कठडा नसताना थेट कालव्यात उतरतात आणि पाण्याकडच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. गल्ली संपताना अंधार आणि ओलसर वास आला तर फोनमधून डोके वर काढावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो.

मेस्त्रेतच राहावे लागले तर

टूरचे हॉटेल बदलता येत नाही, ही अनेकांची अडचण असते. अशा वेळी टूर व्यवस्थापकाला आधी लेखी कळवून, त्या दिवशीचे सामूहिक जेवण सोडून द्यावे आणि बेटावरच थांबावे. कार्यक्रम आटोपशीर ठेवावा: सहाला रिआल्तोमागच्या बाकारोत चिकेत्ती, तेच जेवण समजून, सूर्यास्ताच्या वेळी आक्कादेमियाचा पूल, नऊ-साडेनऊला सान मार्को, आणि दहाच्या सुमारास एक क्रमांकाच्या बोटीने ग्रँड कॅनालमधून उलट दिशेने सांता लुचिया स्थानक. अशाने बोटीची सफर आणि परतीचा प्रवास एकाच तिकिटात होतो. मेस्त्रेच्या गाड्या साधारण मध्यरात्रीपर्यंत वारंवार असतात आणि त्यानंतर पिआत्साले रोमाहून बस मिळते. हॉटेल मेस्त्रे स्थानकापासून दूर असेल तर बसच बरी. रेल्वेचे कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी ते फलाटावरच्या यंत्रात नोंदवून घ्यावे, कारण तपासनीस रात्रीच्या गाडीतही येतो.